पहिला डेक कुठला घ्यावा, आणि पत्त्यांवर बोलायला माणसं कुठे शोधावी?

साताऱ्याहून एका ताईंनी विचारलं आहे: "दोन वर्षं मोबाइलवर बघून बघून टॅरो शिकतेय. आतापर्यंत मैत्रिणीचे पत्ते वापरत होते, ती लग्न होऊन गेली. आता स्वतःचा डेक घ्यायचाय. सोनेरी कडांचा एक फार सुंदर डेक मनात भरलाय, पण जो तो रायडर-वेटच घे म्हणतो. दुसरं म्हणजे माझ्या आसपास टॅरोवर बोलणारं कुणीच नाही. घरी सांगायची सोय नाही, जादूटोणा समजतील. अशी माणसं कुठे भेटतात?"

ताई, तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण मला ते एकच वाटतात. मी एकोणीस वर्षं पत्ते वाचतेय, त्यातली पहिली चार एकटीनं काढली. पुस्तकं वाचली, वह्या भरल्या, अठ्ठ्याहत्तर पानांचे अर्थ पाढ्यांसारखे पाठ केले. मग डोंबिवलीत आम्ही चौघीजणी महिन्यातून एकदा एकत्र बसायला लागलो, आणि त्या चार वर्षांत जे उमगलं नव्हतं ते सहा महिन्यांत उमगू लागलं. हे जमलं त्याचं एक साधं कारण म्हणजे चौघींकडे एकाच घराण्याचा, म्हणजे एकाच धर्तीच्या चित्रांचा डेक होता. एकीनं पान टाकलं की बाकीच्या तिघींना ते चित्र ओळखीचं असायचं.

एक प्रसंग सांगते. सिक्स ऑफ स्वोर्ड्स निघालं होतं, आपल्या पत्त्यांच्या भाषेत तलवारींची छक्की. चित्रात एक नाव आहे. तिच्यात पाठमोरी, डोक्यावरून पांघरूण घेतलेली बाई, शेजारी लहान मूल, पुढे सहा तलवारी उभ्या रोवलेल्या, आणि मागे नाव हाकणारा माणूस उभा. पुस्तकी अर्थ मला तोंडपाठ होता: वाईट काळ मागे टाकून निघणं, स्थित्यंतर, प्रवास. मी तो सांगून मोकळी झाले. आमच्यातली एक मालवणकडची. तिनं पान उचलून डोळ्यांजवळ नेलं आणि म्हणाली, "ह्याच्या हातात वल्हं नाहीये गं. लांब काठी आहे. काठी तळाला टेकवून नाव ढकलतोय तो. म्हणजे पाणी खोल नाही इथे."

मी ते पान शेकडो वेळा बघितलं होतं, काठी कधीच बघितली नव्हती. जिच्यासाठी पान काढलं होतं ती नुकतीच वेगळी झाली होती, मुलाला घेऊन माहेरी आली होती. "पाणी खोल नाही" एवढे तीन शब्द ऐकून तिचे डोळे भरून आले. मग आम्ही अजून नीट बघितलं. नावेच्या एका बाजूला पाण्यावर तरंग आहेत, दुसऱ्या बाजूला पाणी शांत आहे. त्या दिवशी मला कळलं की पान वाचायला आधी पान बघायला लागतं, आणि एकटीच्या डोळ्यांना सगळं दिसत नाही.

तर डेकचं. तुम्हाला सगळे रायडर-वेट सांगतात त्यामागे कारण आहे, ते समजलं तर सल्ला गळी उतरेल.

टॅरोच्या कॅटात अठ्ठ्याहत्तर पानं. बावीस मेजर आर्काना म्हणजे मोठी पानं, छप्पन्न मायनर म्हणजे छोटी पानं, चार रंगांची: कप्स (पेले), पेंटॅकल्स (नाणी), स्वोर्ड्स (तलवारी) आणि वाँड्स (काठ्या). पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हा प्रकार जन्मला तो चक्क खेळ म्हणून. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी रंगवलेले सोन्याचा वर्ख दिलेले पत्ते आजही न्यूयॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीत आणि बेर्गामोच्या अकादेमिया कारारात बघायला मिळतात. ज्यांना आपण आज मेजर आर्काना म्हणतो ती बावीस पानं म्हणजे त्या खेळातले हुकूम. फक्त द फूल, आपला भोळा वाटसरू, त्याचे नियम थोडे वेगळे. इजिप्तच्या पुरोहितांनी गुप्तज्ञान पत्त्यांत लपवलं, ही गोष्ट तुम्हीही ऐकली असेल. ती १७८१ साली पॅरिसमध्ये कूर द जेबलँ नावाच्या विद्वानानं छापली, तिला पुरावा काही नव्हता, पण लोकांना ती इतकी आवडली की अजून चालू आहे. भविष्यासाठी टॅरोचा वापर रुळला तो त्याच सुमारास. हे मी मुद्दाम सांगते, कारण पत्त्यांची भीती वाटणाऱ्या माणसाला 'हा मुळात खेळ होता' हे कळलं की खांदे सैल पडतात.

आता मुद्द्याची गोष्ट. जुन्या डेकमध्ये, ज्याला टॅरो द मार्से म्हणतात त्या घराण्यात, छोट्या पानांवर चित्र नसतं. तलवारींची छक्की म्हणजे नुसत्या सहा तलवारी, आपल्या इस्पिकच्या छक्कीवर सहा इस्पिक असतात तशा. त्यावर बोलायचं तर अंकांचा आणि रंगांचा अर्थ आधी मुरलेला हवा. १९०९ साली लंडनच्या विल्यम रायडर अँड सन या प्रकाशनानं जो डेक काढला त्यात एकूण एक पानावर प्रसंग आला. कल्पना गूढविद्येचे अभ्यासक आर्थर एडवर्ड वेट यांची, पण चित्रं काढली पामेला कोलमन स्मिथ या तिशीतल्या चित्रकर्तीनं. लंडनमध्ये जन्मलेली, बालपणाची काही वर्षं जमैकात गेलेली, नाटकांचे पडदे आणि पोशाख रंगवणारी, लोककथा सांगणारी बाई होती ती. म्हणूनच तिची पानं रंगमंचावरच्या एखाद्या क्षणासारखी दिसतात: माणूस उभा कसा आहे, हात कुठे आहेत, पाठ कुणाकडे आहे, सगळं बोलतं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९०७ मध्ये, पंधराव्या शतकाच्या शेवटच्या सोला बुस्का या इटालियन डेकची छायाचित्रं ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती. त्यात छोट्या पानांवरही चित्रं आहेत. हृदयात खुपसलेल्या तीन तलवारी आपण थ्री ऑफ स्वोर्ड्सवर बघतो, ती कल्पना तिथली दिसते.

काम संपल्यावर नोव्हेंबर १९०९ मध्ये स्मिथबाईंनी न्यूयॉर्कला छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यांना पत्रात लिहिलं की काम फार मोठं झालं आणि पैसे अगदीच थोडे मिळाले. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमधल्या ब्यूड गावी ती कर्जात वारली. डेकला नाव पडलं प्रकाशकाचं आणि वेट यांचं. आता बरेच लोक 'रायडर-वेट-स्मिथ' म्हणतात, तुम्हीही म्हणा. जवळजवळ प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तिची गुंतवलेल्या अक्षरांची सही आहे, तीही शोधून बघा. पुढे तिचा उपयोग सांगते.

या एका बाईमुळे असं झालं की कुठलंही शिक्षण नसलेला माणूसही पान बघून काहीतरी बोलू शकतो. आज बाजारात जे शेकडो डेक मिळतात त्यातले बहुतेक तिच्याच चित्रांची नव्यानं केलेली मांडणी आहेत. ते घराणं एकदा बसलं की पुढचा कुठलाही डेक परका वाटत नाही, आणि नाशिकची, दुबईची, मेलबर्नची कुणीही समोर बसली तरी दोघींना एकच पान दिसतं. म्हणून माझं सांगणं: पहिला डेक रायडर-वेट-स्मिथ घ्या. रंग भडक वाटत असतील, अनेकांना ते पिवळं आकाश आवडत नाही, तर शंभर वर्षं पूर्ण झाली तेव्हा २००९ साली काढलेली मंद रंगांची स्मिथ-वेट सेंटेनिअल आवृत्ती बघा. मी स्वतः तीच वापरते.

सोनेरी कडांचा तुमचा डेक? तो रायडर-वेट-स्मिथच्या घराण्यातला असेल आणि छोट्या पानांवरही माणसं, प्रसंग असतील, तर खुशाल घ्या, मन मारू नका. ज्या डेकवर जीव नाही तो कपाटात पडून राहतो. मात्र घेण्याआधी त्याची थ्री ऑफ पेंटॅकल्स, सिक्स ऑफ स्वोर्ड्स, नाइन ऑफ वाँड्स आणि फाइव्ह ऑफ कप्स एवढी चार पानं इंटरनेटवर शोधून बघा. विक्रेते नेहमी द मून, द स्टार, द एम्प्रेस असली देखणी पानं दाखवतात. डेकचा कस लागतो छोट्या पानांत. त्या चारांपैकी प्रत्येकाबद्दल मोठ्यानं, मराठीत, चार वाक्यं बोलता आली तर तो डेक तुमचा. नुसतं "छान रंग आहेत" एवढंच सुचलं तर थांबा.

इंग्रज गूढविद्यावाले अलिस्टर क्रोली आणि चित्रकर्त्या लेडी फ्रीडा हॅरिस यांचा थॉथ डेक विलक्षण आहे. १९३८ ते १९४३ अशी पाच वर्षं हॅरिसबाईंनी तो रंगवला, पत्ते म्हणून तो छापला गेला १९६९ मध्ये, दोघंही गेल्यावर. पण त्याची भाषा वेगळी: स्ट्रेंग्थचं नाव लस्ट, जस्टिसचं अ‍ॅडजस्टमेंट, राजा-राणीसारख्या दरबारी पानांची रचनाही निराळी. पाया झाल्यावर जा तिकडे. पुण्याशी नातं असलेला ओशो झेन टॅरोही आपल्याकडे पुष्कळांच्या घरी असतो, मा देवा पद्मा यांनी रंगवलेला. त्यात एकोणऐंशी पानं आहेत, डेव्हिलच्या जागी कंडिशनिंग, टॉवरच्या जागी थंडरबोल्ट. मनाशी संवाद करायला तो मला फार प्रिय आहे. पहिला डेक म्हणून मी तो कुणाला देत नाही, कारण त्यावरून इतरांच्या पानांकडे जाणारी वाट अवघड जाते.

'भारतीय टॅरो' म्हणून कुणी गंजिफा दाखवला तर तेवढं लक्षात ठेवा की तो टॅरो नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात कारागीर आजही ते गोल पत्ते हातानं रंगवतात. दशावतारी गंजिफाची एकशेवीस पानं, दर अवताराची बारा. अतिशय सुंदर कला, जाऊन बघा, जमलं तर विकत घ्या. मात्र नातं एक आहे आणि ते मला फार भावतं. युरोपात पत्ते पोचले ते इजिप्तच्या मामलुकांकडून, आणि त्यांच्या पत्त्यांवर चषक, नाणी, तलवारी आणि चौगानच्या, म्हणजे पोलोच्या, काठ्या होत्या. युरोपात पोलो कुणाला ठाऊक नव्हता, त्या काठ्यांचे नुसते दांडके झाले. आपण आज ज्यांना वाँड्स म्हणतो ते हेच.

आता हातात धरायची गोष्ट. नेहमीचा टॅरो डेक साधारण सात सेंटिमीटर रुंद आणि बारा लांब असतो, घरच्या पत्त्यांपेक्षा बराच मोठा. हात लहान असेल तर पिसताना पानं निसटतात. आडवा धरून पिसा, किंवा सरळ चादरीवर सगळी पानं पसरून दोन्ही हातांनी कालवा, तेही चालतं. खिशातली छोटी आवृत्तीही मिळते, पण त्यात स्मिथबाईंचे बारकावे हरवतात. कागद चकचकीत असेल तर ट्यूबलाइट पानावर चमकते आणि पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतात. शक्यतो मॅट घ्या. जून ते सप्टेंबर डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. माझा पहिला डेक एका पावसाळ्यात असा फुगला की पेटीत परत जाईना.

नकली मालाबद्दल जरा जास्त सांगते, कारण मी फसले आहे. एका ऑनलाइन दुकानातून तीन-चारशे रुपयांत एक नावाजलेला डेक मागवला. आला तेव्हा पुस्तिका नव्हती, नुसता क्यूआर कोड. पानं पातळ, कडा खरखरीत, आणि चेहरे असे पुसट की फाइव्ह ऑफ पेंटॅकल्समध्ये कुबड्या घेतलेल्या माणसाच्या गळ्यातली घंटाच दिसेना. त्या घंटेशिवाय त्या माणसाचं एकटेपण कळत नाही. चित्रकाराला त्या विक्रीतला एक पैसाही मिळत नाही. पामेला स्मिथचं काय झालं हे माहीत असताना हे मला सहन होत नाही. रायडर-वेट-स्मिथ घेताना कोपऱ्यातली तिची सही बघा. ती रेघ न् रेघ स्पष्ट असायला हवी, नकली छपाईत तिचा डाग होतो. पैसे कमी असतील तर जुना, वापरलेला पण अस्सल डेक घ्या. पहिला डेक कुणीतरी भेट द्यायला हवा, दुसऱ्याचे पत्ते वापरू नयेत, काळ्या रेशमातच ठेवावेत, यातलं काहीही पाळायची गरज नाही. मी दोनदा जुने डेक घेतलेत. पानं मोजली, सुक्या मऊ फडक्यानं पुसली, वापरायला लागले.

आता माणसं. साताऱ्यात एकही नसेल असं मला वाटत नाही. तुम्ही जशा गप्प आहात तशाच त्याही गप्प आहेत. पुण्या-मुंबईत कार्यशाळा सतत होतात. एखादी एक दिवसाची, माफक फीची निवडा आणि शिकवणाऱ्यांइतकंच शेजारी बसलेल्यांकडे लक्ष द्या. जेवणाच्या सुट्टीत "तुमचं आवडतं पान कुठलं?" एवढं विचारा. त्या उत्तरावरून माणूस कळतो. दोघी-तिघींचे नंबर घ्या आणि घरी पोचल्यावर आठवड्याच्या आत फोन करा, नाहीतर ते नंबर तसेच राहतात. मोठ्या गटांपेक्षा तीन-चार जणींचा गट टिकतो. पहिल्या दोन-तीन भेटी बाहेर, उजेडी, चारचौघांत करा. अनोळखी माणसाच्या घरी जाऊ नका, आणि आपला पत्ता, जन्मतारीख, घरातल्या भानगडी पहिल्याच दिवशी सांगू नका.

भेटणं शक्य नसेल तर व्हिडिओ कॉलवरही बसता येतं. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीवर असा ठेवा की कॅमेरा वरून पानांकडे बघेल, चेहऱ्याकडे नाही. आमच्या गटातली एक आता न्यू जर्सीत आहे. उन्हाळ्यात तिचे सकाळचे साडेआठ म्हणजे आपले संध्याकाळचे सहा, त्या वेळेला आम्ही रविवारी बसतो. तिच्याकडे तेच पान, आमच्याकडे तेच पान. ती मराठीत बोलायला मिळावं म्हणूनही येते, आणि मला ते फार बरं वाटतं.

बसायची आमची रीत सांगते. एकजण पान काढते. आधी पाच मिनिटं अर्थ कुणीच सांगायचा नाही, फक्त दिसतं ते बोलायचं: माणसं किती, कुणाची पाठ आहे, आभाळ कसं आहे. मग एकेकीनं आपल्याला काय जाणवलं ते. जिच्यासाठी पान काढलं ती सगळ्यात शेवटी बोलते, नाहीतर बाकीच्या तिच्याच बोलण्याला जुळवून घेतात. खोलीतलं खोलीत राहतं. मृत्यू, आजाराचं निदान, गरोदरपण, कोर्टाचा निकाल यावर पान काढायचं नाही. हजर नसलेल्या माणसाच्या मनात काय आहे, हेही नाही. गटात पैसे घ्यायचे नाहीत. मी बाहेर रीडिंगचे पैसे घेते, तो माझा व्यवसाय आहे, पण या बैठकीत आम्ही सगळ्या शिकाऊ.

एक गोष्ट मात्र कळकळीनं सांगते. "तुझ्यावर करणी आहे, पानांत दिसतंय, अमुक हजाराचा विधी कर" असं जो कुणी म्हणेल त्याच्यापासून त्याच क्षणी उठा. माझ्याकडे अशा बायका येतात ज्यांनी मंगळसूत्र गहाण टाकून असले विधी केलेत. आपल्या अंगात अतींद्रिय शक्ती आहे असं भासवून लोकांच्या मनात भीती घालणं, ऐकलं नाही तर वाईट होईल अशी धमकी देणं, हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे. मला हा कायदा हवाच होता. पान माणसाला बोलतं करण्यासाठी आहे, घाबरवण्यासाठी नाही. द डेथ, द टॉवर निघालं की आवाज खाली आणून गप्प बसणारे रीडरसुद्धा टाळा. जे सांगायचं ते सरळ सांगता आलं पाहिजे.

राहिलं घरचं. लपवून ठेवलं की संशय वाढतो, हा माझा अनुभव. लग्नानंतर पहिलं वर्ष मी पत्ते साड्यांखाली ठेवायचे. एका दुपारी सासूबाईंना सापडले. त्या काही बोलल्या नाहीत, पण कपाळाला आठी पडली. मी डेक घेऊन स्वयंपाकघरात गेले, त्या मटार सोलत होत्या, त्यांच्यापुढे फोर ऑफ कप्स ठेवलं. झाडाखाली एक तरुण हाताची घडी घालून बसलाय, समोर तीन पेले, आणि ढगातून एक हात चौथा पेला पुढे करतोय. विचारलं, "आई, ह्याला काय झालंय?" त्यांनी मटारचा हात पदराला पुसला, पान लांब धरलं आणि म्हणाल्या, "रुसलाय. कधीची हाक मारतायत, उठत नाहीये." मग थोडं थांबून, "आपले हे असेच करायचे." आणि सासऱ्यांची एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणालाच माहीत नव्हती. मटार तसेच राहिले, आम्ही त्या दुपारी सात पानं बघितली.

तुमचा डेक आला की आधी घरातल्या सगळ्यात मोठ्या बाईपुढे असं एखादं पान ठेवून बघा. दिवसाउजेडी, काम चालू असताना. आणि त्या काय म्हणाल्या ते वहीत लिहून ठेवा.